कानाडोळा

१२ जानेवारी

प्रिय ताई,

“लोक हसले तर हसू देत, तू कानाडोळा कर,” असं तू मला म्हणाली होतीस. तू दहा-अकरा वर्षांची असशील, मी सहाची. बाहेरच्या खोलीत पाहुणे बसले होते आणि मी बाबांच्या आत्याला विचारलं होतं, की तुमचे सगळे दात एकसारखे कसे, खरे दात असे नसतात. सगळे हसले, आत्या सोडून. आईनं मला दंडाला धरून आत आणलं आणि तुझ्या ताब्यात दिलं. तू माझे डोळे पुसलेस आणि म्हणालीस, कानाडोळा कर. मी परत बाहेर गेले आणि कानाडोळा केला. म्हणजे एकेका पाहुण्याच्या कानावर डोळा ठेवला. पाळीपासून वरच्या कडेपर्यंत, नीट. बाबांच्या साहेबांच्या कानात केस होते, ते मोजायला गेले तेव्हा तू मला पुन्हा आत ओढलंस.

तुला कळलं मी काय समजले होते ते, आणि तू गडबडा लोळून हसलीस. मग एकदम थांबलीस. तुझा तो चेहरा मला अजून दिसतो. म्हणालीस, “बरं. मग आजपासून फक्त माझ्या कानाकडे बघत जा. मी पाळीला हात लावला की तू बोलायचं थांबायचंस. आपलं गुपित.”

हे तुला आठवत असणारच. तरी लिहिलं, कारण त्याशिवाय पुढचं सांगता येत नाही.

तुझ्या लेकीनं मला फोनवर एक लिंक पाठवली. सोबत लिहिलं होतं, “मावशी, हे करून बघ, आमच्या ऑफिसात सगळ्यांनी केलं. आईला सांगू नकोस, ती म्हणाली मावशीला पाठवायचं नाही.” तिला कबूल केलं नव्हतं, म्हणून तुला सांगते आहे. तिला रागावू नकोस.

ती चाचणी होती. मोठ्या माणसांना ऑटिझम आहे का, याची. आपली आपण करायची. एकेक वाक्य येतं आणि खाली चार उत्तरं, ‘अगदी खरं’पासून ‘अजिबात नाही’पर्यंत. मी ती लॅबमध्ये जेवणाच्या सुट्टीत केली. एक वाक्य होतं, ‘मला आवाजाचा त्रास होतो.’ कुठल्या आवाजाचा? आमच्या दात भाजायच्या भट्टीची घरघर मला अंगाईसारखी वाटते आणि शेजारच्या टेबलावर कुणी चमचा वाटीवर घासला तर मी उठून बाहेर जाते. असं लिहायला जागाच नव्हती. एकेका वाक्यावर मी इतका वेळ घेतला, की पॉलिशवाली मागे येऊन उभी राहिली. ही आमच्याकडे तयार कवळ्यांना चकाकी देते. मी घडवते, ती घासते.

“परीक्षा देताय का, बाई, या वयात?”

मी तिला सांगितलं. तिनं नेमकं तेव्हा समोर असलेलं वाक्य मोठ्यानं वाचलं. ‘समोरच्याला माझ्या बोलण्याचा कंटाळा आला की मला लगेच कळतं.’ मी ‘अगदी खरं’वर बोट ठेवलं होतं. ती इतकी हसली, की तिला ठसका लागला.

“काल तुम्ही मला सुळ्याच्या उतारावर डबा संपेपर्यंत ऐकवलंत. मी टेबलावर डोकं टेकलं. कळलं?”

“तुला झोप आली होती ना?”

“आली नव्हती, तुम्ही आणलीत!”

मी उत्तर बदललं नाही. पूर्ण चाचणी केली आणि निकाल आला, त्यांनी आखलेल्या रेषेच्या जरासा खाली. ‘लक्षणे आढळत नाहीत.’ मला बरं वाटलं. मग दुपारभर एका समोरच्या दाताला छटा देत बसले. कडेला थोडी निळसर, मुळाशी पिवळट, मध्ये एक बारीकशी पांढरी रेघ, कारण खऱ्या दातात ती असते. आणि त्या छटा देता देता माझ्या डोक्यात आलं, की मला खरंच कळतं. कंटाळा आलेला मला कळतो. पण तू खोलीत असलीस तर. तुझ्या कानावरून.

चाचणीत हे विचारलंच नव्हतं, की ताईसकट की ताईशिवाय.

घरी येऊन पुन्हा केली. या वेळी तू खोलीत नाहीस असं धरलं. निकाल रेषेच्या वर गेला, चांगलाच वर.

अशा चाचणीला काही अर्थ नसतो, हे तू म्हणायच्या आधी मीच म्हणते. मी एका तज्ज्ञ बाईंच्या दवाखान्यात फोन केला, त्यांनीही तेच सांगितलं. म्हणाल्या, ही नुसती दारावरची कडी आहे, आत यायचं तर नीट तपासणी करावी लागेल, आणि त्यासाठी तुम्हाला लहानपणी रोज बघितलेलं कुणीतरी लागेल. आई-बाबा नाहीत. तू आहेस. नऊ मार्चची वेळ मिळाली आहे. येशील?

माझं लग्न मोडल्यापासून आपण धड बोललेलो नाही, मला माहीत आहे. म्हणून तर पत्र लिहिते आहे. फोनवर तू ‘बरं, बरं’ म्हणतेस. त्याचा अर्थ पुढे बोल असा असतो की पुरे असा, ते मला अजून कळलेलं नाही.

तुझी,
धाकटी


२ फेब्रुवारी

प्रिय ताई,

तुझा निरोप मिळाला. “असल्या टेस्ट म्हणजे पेपरातलं राशिभविष्य. नोकरी आहे, स्वतःचं घर आहे, काय कमी आहे तुला? या वयात कपाळावर चिठ्ठी चिकटवून घेऊ नकोस. जेवत जा वेळेवर.”

जेवते. वेळेवर.

राशिभविष्याचं मी पॉलिशवालीला सांगितलं. ती म्हणाली, “तुमच्या ताईंचं खोटं नाही. नाव कळलं म्हणून काय नवे दात येणार आहेत?” मी म्हटलं, नाही. पण आमच्याकडे साचा येतो तेव्हा मी आधी हे बघते, की यातला कुठला दात मूळचा आणि कुठला कुणीतरी आधी बसवलेला. ते कळल्याशिवाय मला शेजारचा दात घडवता येत नाही. माझंही तसंच झालंय. मला नुसतं बघायचंय, माझ्यातलं माझं कुठलं आणि तू बसवलेलं कुठलं. पॉलिशवालीनं हात वर केला आणि म्हणाली, “बास. आता मी कंटाळले.” ती हल्ली असं सरळ सांगते. तिनं पहिल्यांदा सांगितलं त्या दिवशी मला एवढं हलकं वाटलं होतं, की मी तिला माझ्या डब्यातला निम्मा भात दिला.

ताई, तू मला पुष्कळ काही शिकवलंस. ‘चार लोकांत असं बोलू नये’ म्हणालीस तेव्हा मी माणसं मोजली, पाच निघाली, म्हणून बोलले. त्यानंतर तू मला म्हणी शिकवायला बसलीस, एकेक, परवचा म्हणावी तशा. कुणी रडत असेल तर का रडतेस असं तीनदाच विचारायचं. हसू कधी आणायचं. हे सगळं मला येतं ते तुझ्यामुळे आणि मी ते कुणाशीही भांडून सांगेन.

मागच्या रविवारी तुझी लेक आली होती. जेवली, माझ्याकडे झोपली, संध्याकाळी गेली. आम्ही पुष्कळ बोललो. काय बोललो ते आत्ता लिहीत नाही.

त्याऐवजी एक जुनी गोष्ट सांगते. ती मी कुणालाच सांगितलेली नाही. मोजणीवाल्याला मी लग्नाला हो का म्हटलं, ते. तुम्हा सगळ्यांना नवल वाटलं होतं. त्याआधी आलेल्या सगळ्यांना मी नको म्हटलं होतं आणि याला अर्ध्या तासात हो. आई म्हणाली होती, जमिनी मोजणारा माणूस, ही काय बोलणार त्याच्याशी. आठवतं? तुम्ही आम्हाला दोघांना बाहेरच्या खोलीत बसवलं होतंत. त्यानं विचारलं, काय काम करता, आणि मी सुरू झाले. दाढेला किती टेकड्या असतात, त्या वरच्या दाढेच्या खळग्यात कशा बसल्या पाहिजेत, केसाइतकी उंच राहिली तरी माणसाचं डोकं दुखतं. तो ऐकत होता. आणि मग त्यानं उजवा हात वर नेला आणि कानाची पाळी धरली. दोन बोटांत, अगदी तुझ्यासारखी.

मी गप्प झाले. तो हसला.

ताई, मला तेव्हा काय वाटलं ते कसं लिहू? मला वाटलं, याला कुणी सांगितलेलं नाही, याचं याला येतं. तुझ्याशिवाय या जगात आणखी एका माणसाला माझी भाषा येते. मी आत आले आणि आईला हो म्हटलं. पुढे त्याला मी खुणेबद्दल कधी विचारलं नाही. तूच म्हणाली होतीस ना, आपलं गुपित. खूण बोलून दाखवली की ती खूण राहत नाही, असं मी धरलं होतं.

एक विचारायचं होतं. त्या भेटीच्या आधी तू त्याच्याशी एकटीनं कधी बोलली होतीस का? सहज विचारते आहे.

नऊ मार्चचंही कळव.

तुझी,
धाकटी


२० फेब्रुवारी

ताई,

“नाही गं. इतकं जुनं कुणाला आठवतंय?” असं तू लिहिलंस.

कानावर हात ठेवणं म्हणजे काय, हेही तूच मला शिकवलं होतंस.

मी सहज विचारलं नव्हतं. मला तेव्हाच माहीत होतं. तू काय सांगतेस ते बघायचं होतं. मला असं वागता येत नाही असं सगळे म्हणतात, पण येतं.

त्या रविवारी तुझी लेक माझ्या पलंगावर पाय पसरून बसली होती. मी तिला दुसऱ्यांदा केलेल्या चाचणीचा निकाल दाखवला. ती म्हणाली, “मला वाटलंच होतं, मावशी. तू पहिल्यांदा आईची उत्तरं दिली असणार. आई कानाला हात लावते आणि तू बंद पडतेस. लहानपणी मला वाटायचं, तुला बटण आहे.”

“तुला माहीत होतं?”

“सगळ्यांना माहीत होतं. आजीला, बाबांना. काकांना तर आईनं माझ्यासमोर शिकवलं.”

“कुठल्या काकांना?”

“आपल्या. मोजणीवाल्या. ते तुला बघायला आले तेव्हा. मी ओट्यावर बसले होते. आई म्हणत होती, असं वर नाही, पाळीला. वर लावलंत तर तिला कळत नाही. काकांना जमेना, तर मीच त्यांना करून दाखवलं.” ती हसत होती. मग माझ्याकडे बघून थांबली. “मावशी? तुला माहीत नव्हतं?”

त्या वेळी ती सहा वर्षांची होती. मी आतल्या खोलीत आरशासमोर बसले होते, आणि वेणी तूच घालून दिली होतीस. घालून झाल्यावर म्हणालीस, “बस पाच मिनिटं, मी पाणी देऊन येते त्यांना.”

आपलं गुपित म्हणाली होतीस. मी ते माझ्या नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. तू घरादाराला वाटलंस.

मी त्याच्याकडे गेले. मोजणीवाल्याकडे. लग्न मोडल्यापासून पहिल्यांदाच. त्याचं ऑफिस अजून तेच आहे. कोपऱ्यात तिपाया उभ्या, नकाशांच्या गुंडाळ्या, दारात धुळीनं पांढरे झालेले बूट. त्यानं खुर्ची पुसून दिली.

मी विचारलं, “ताईनं तुला कानाची खूण शिकवली होती?”

“अजून तशीच आहेस. नमस्कार नाही, चमत्कार नाही.” मग माझं तोंड बघून म्हणाला, “हो, शिकवली होती. तुमच्या स्वयंपाकघरात. म्हणाल्या, दातांवर घसरली की थांबत नाही, बावरून जाऊ नका, पाळीला हात लावा. मला वाटलं, तुमच्या घरातली गंमत आहे. तुला ठाऊक असणारच.”

“मग?”

“मग काय? त्या दिवशी लावला. पुढे एकदोनदा लावला असेल. नंतर विसरून गेलो.”

“विसरलास?”

“अगं, घरात बायकोला गप्प करायला मला खुणा कशाला लागतात? उलट दिवसभर उन्हात बांधावरची भांडणं ऐकून आलं, की वाटायचं, ही दातांचं काहीतरी सांगेल. पण तू बोलायचीसच कुठे? एक वाक्य सुरू करायचीस आणि...”

बोलता बोलता त्याचा हात कानाकडे गेला. उजवा हात, पाळीपाशी. मी विचारणार होते ते तोंडातच राहिलं.

त्यानं माझ्याकडे बघितलं. मग स्वतःच्या हाताकडे बघितलं. हात खाली आणला. हळूच, जसं काही त्यात कुणाचं काही ठेवलेलं होतं.

“कानात बुरशी आहे माझ्या,” तो म्हणाला. “धुळीत काम. आपल्या लग्नाच्या आधीपासूनची. थेंब घालतो, चार दिवस बरं वाटतं, परत खाज सुटते.” मग अगदी बारीक आवाजात विचारलं, “असं किती वेळा झालं?”

“रोज,” मी म्हटलं.

“मला खाज यायची गं.”

त्यानं दोन्ही हात मांड्यांखाली घातले आणि शाळेतल्या मुलासारखा त्यावर बसला. म्हणाला, “बोल आता.”

मी उठले आणि बस गाठली.

ताई, नऊ वर्षं. नऊ वर्षं मी त्या माणसाला सांगायला काहीतरी घेऊन घरी यायचे आणि त्याच्या कानाला खाज यायची. मी म्हणायचे, याला माझा कंटाळा येतो, बिचारा किती सभ्यपणे सांगतो. तो म्हणायचा, ही माझ्याशी बोलत नाही. शेवटी दोघांनीही खरं मानलं.

इथपर्यंत मी तुला माफ करू शकले असते. तू माझं बरं व्हावं म्हणून शिकवलंस, तो विसरला, मी विचारलं नाही. कुणाचाच तसा हेतू नव्हता. घरी येताना बसमध्ये मी असंच जुळवत होते, आणि मग मला ते टेबल आठवलं.

लग्नाला तीन वर्षं झाली होती आणि तू आमच्याकडे राहायला आली होतीस. आपण तिघं चहा घेत होतो. त्या दिवशी मी पहिल्यांदा पूर्ण वरची कवळी एकटीनं केली होती आणि ती घालून एक म्हातारे गृहस्थ लॅबच्या दारात उभे राहून शीळ वाजवून दाखवत होते. मी तेच सांगत होते. शिळेपर्यंत आले आणि यानं कान चोळायला हात नेला. मी शब्दाच्या मध्यावर थांबले. यानं विचारलं, “मग? वाजली का शीळ?” मी म्हटलं, “काही नाही.”

आणि तू त्याच्या कानाकडे बघितलंस. त्याचं करंगळीचं टोक आत होतं, तो तोंड वाकडं करून चोळत होता. मग माझ्याकडे बघितलंस. मग उठलीस, फडकं घेतलंस आणि टेबल पुसायला लागलीस. टेबल स्वच्छ होतं. मी मघाशीच पुसलं होतं, म्हणून लक्षात राहिलं.

तुला कळलं होतं. खोलीतल्या तिघांत फक्त तुला दोन्ही बाजू माहीत होत्या. एकच वाक्य लागलं असतं. “अगं, त्याचा कान दुखतोय.” पण मग तुला हेही सांगावं लागलं असतं, की खूण त्याला कुठून मिळाली. ते सांगण्यापेक्षा तू टेबल पुसलंस.

आणि लग्न मोडलं तेव्हा फोनवर काय म्हणालीस? “नवऱ्याशी धड चार शब्द बोलत नव्हतीस. दगडाशी संसार कोण करणार?”

चार शब्द. मी मोजले नव्हते, ताई. तू मोजत होतीस.

या पत्राखाली काय लिहायचं ते मला येत नाही. तू शिकवलेलं नाहीस.


१ मार्च

ताई,

तुझं पत्र आलं. तुझ्या हातचं, दोन्ही बाजूंनी लिहिलेलं. इतकं लांब तू मला कधी लिहिलं नव्हतंस. मी ते लॅबमध्ये वाचलं, आणि दिवसभर मला मेण नीट कोरता आलं नाही. एक दात तीनदा वितळवून पुन्हा केला.

तू लिहितेस, “मीसुद्धा लहानच होते. आईनं तुला माझ्या हाती दिलं आणि दार लावून घेतलं. लोक तुला हसायचे आणि रात्रभर मी रडायचे, तू नाही. त्या मुलानं तुला हसू नये एवढंच मला हवं होतं. टेबलापाशी मला कळलं ते खरं आहे. वाटलं, आता सांगितलं तर तू माझ्यावरचा विश्वास सोडशील, मग तुला कोण सांभाळणार? आणि आता तिथे येऊन काय सांगू? माझी बहीण वेडी होती म्हणून?”

तू दहा वर्षांची होतीस. हे मी विसरले होते. माझ्या आठवणीत तू कायम मोठीच असतेस. तुझा कान आठवायला बसले तेव्हा लक्षात आलं, की तुझ्या उजव्या कानाची पाळी डावीपेक्षा खाली आली आहे. माझ्याकडे दातांचे साचे येतात तेव्हा मी असं डावं-उजवं ताडून बघते, पण तुझ्या कानाचं कधी बघितलं नाही, नुसती खूणच बघितली. मी जिथे बसेन तिथून दिसेल अशा ठिकाणी तुला बसावं लागायचं. तुझ्या मैत्रिणी गच्चीवर असायच्या आणि तू पाहुण्यांत. तुला कधी साधी खाज सुटली असेल, तर तू काय करत होतीस?

हे सगळं मला कळतं. कळलं, तरी टेबल पुसलेलंच राहतं.

वेडी वगैरे तुला सांगायचं नाहीये. तसं ते विचारतही नाहीत, मी फोन करून विचारलं. ते विचारतील, लहान असताना ती कुणाबरोबर खेळायची, एखादी गोष्ट शब्दशः घ्यायची का. त्यांना कानाडोळ्याचं सांग. पाहुण्यांच्या कानांतल्या केसांपर्यंत सगळं, तुझ्याइतकं छान कुणाला सांगता येणार नाही. आणि ते विचारतील, समोरच्याला कंटाळा आला की तिला आपणहून कळायचं का. तिथे तू ‘हो’ म्हणणार, मला माहीत आहे. पस्तीस वर्षं तू तेवढ्यासाठीच राबलीस. ते ‘हो’ तुझ्या हातचं काम आहे, मी घडवलेल्या एखाद्या दातासारखं, कुणालाही खरं वाटेल असं. तिथे तुला ‘नाही’ म्हणायचंय. पुढे ‘पण ती हुशार होती’ असं जोडायचं नाही.

तज्ज्ञ बाई काय ठरवतील ते ठरवतील. कदाचित रेषेच्या खालीच निघेन. मग मी तशीच एक कंटाळवाणी बाई आहे असं समजेन आणि पॉलिशवालीला रोज विचारत जाईन. पण उत्तरं माझी असतील.

तुझ्या लेकीनं काल फोन केला. म्हणाली, “मावशी, आई येणार नाही. तिकिटाचा विषय काढला तर उठून गेली.” मी म्हटलं, माहीत आहे. मोजणीवाल्यानंही विचारलं होतं, मी येऊ का. पण त्यानं मला लहान बघितलेलं नाही, आणि मोठी झाल्यावरही, त्याच्या भाषेत सांगायचं तर, चुकीच्या खुंटीवरून मोजलं.

या तीन-चार पत्रांत मी जेवढं बोलले तेवढं तुझ्याशी आयुष्यात सलग बोलले नव्हते. पत्रात तुला कानाला हात लावता येत नाही. कदाचित वाचताना लावला असशील, सवयीनं. मला दिसलं नाही.

तू नाही म्हणशील असं धरूनच मागते आहे. नऊ तारखेला ये. त्यांच्यासमोर ते एक ‘नाही’ म्हण. मग बाहेर बाकावर माझ्या शेजारी बस, हात मांडीवर ठेव, आणि मी त्या म्हाताऱ्या गृहस्थांच्या शिळेपासून पुढे सांगायला लागले, की मनसोक्त कंटाळ. जांभया दे, घड्याळ बघ, इकडेतिकडे बघ. मला कळणार नाही. अगदीच असह्य झालं तर तोंडानं म्हण, पुरे.

धाकटी